रात्री साडेदहा, देसाईगंज

हडपसरला आमच्या शेजारच्या काकूंनी मध्यंतरी दबक्या आवाजात विचारलं, "पोरीला रात्री ठाण्यात बसवून ठेवतात का रे?" ओळखीतल्या एका घरात तक्रार करावी की नाही, यावर खल चालला होता. त्यांना गुन्हेगारापेक्षा चौकशीचीच धास्ती जास्त होती.

ही धास्ती उगाच नाही. २६ मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज. डॉक्टरांच्या अंदाजाने चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी, भावाच्या तक्रारीवरून जबाब द्यायला ठाण्यात आली. (खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, मी ते लिहीत नाही.) साडेदहाच्या सुमाराला जबाब संपले. बाकीच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. थोड्या वेळाने दिवे मालवलेले, दार आतून बंद. घरचे बाहेरून हाका मारत राहिले. आत दोन पोलीस होते.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती! पुण्याच्या वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. घाबरून गप्प बसणं म्हणजे संमती का, हा त्यांचा सवाल होता. आंदोलनं झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला, पीडितेचं नाव छापायलाही तेव्हाच बंदी आली.

पण मला त्या पत्राइतकीच ती जागा महत्त्वाची वाटते. ठाणं, रात्र, आणि आपलं माणूस दाराबाहेर. मुलांपुरतं याचं नेमकं उत्तर यायला चाळीस वर्षं गेली. १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झालेल्या पोक्सो कायद्याचं कलम २४ वाचा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी. घेणारी शक्यतो महिला अधिकारी, फौजदाराच्या खालच्या दर्जाची नको. अंगावर वर्दी नको. आरोपी समोर येता कामा नये. आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. कलम २६ प्रमाणे आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ हवं.

हे सगळं मी काकूंना मोबाइलवर वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आई शेजारी बसू शकते ना? एवढंच सांग, मी त्यांना फोन लावते."