लॉरेन्सचा संप: भाषा अनेक, समिती एक

वेगवेगळ्या भाषांचे कामगार एकजूट करू शकत नाहीत, असे नेहमी सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. इतिहासाचा दाखला याच्या उलट आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स शहरातील कापड गिरण्यांत इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सिरियन असे अनेक देशांतून आलेले कामगार राबत होते. १ जानेवारी १९१२ पासून कायद्याने स्त्रिया व मुलांचे कामाचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ झाले. मालकांनी लगेच पगारही कापला. ११ जानेवारीला पोलिश स्त्रियांनी माग बंद केले आणि पाहता पाहता वीस हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले.

तिथली जुनी युनियन मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या कुशल कामगारांची होती. या परदेशी, अकुशल लोकांना संघटित करता येणार नाही, असेच तिचे मत होते. 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या संघटनेने वेगळा मार्ग धरला. 'आधी इंग्रजी शिका' अशी अट तिने घातली नाही. संप समितीत प्रत्येक राष्ट्रीयत्वाचे प्रतिनिधी घेतले आणि सभांतील भाषणांचे अनेक भाषांत भाषांतर केले. मार्चमध्ये मालक नमले, पगारवाढ मिळाली.

आता मुंबईकडे पाहू. इथल्या गिरण्यांत बहुसंख्य कामगार मराठी बोलणारे होते, तरीही जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळावे, ही मागणी लावून धरली ती यासाठीच. लॉरेन्समध्ये भाषा वेगळ्या असून समिती एक झाली. मुंबईत भाषा एक असून कामगारांमध्ये भिंत उभी राहिली.

म्हणून 'भाषा आडवी येते' हे कारण आपण तपासूनच स्वीकारले पाहिजे. आज चाकणच्या कारखान्यांत, भिवंडीच्या यंत्रमागांवर बिहार, ओडिशाचे श्रमिक आपल्या शेजारी काम करतात. सुरक्षेची सूचना त्यांना कळेल अशा भाषेत लागते का? युनियनच्या समितीत त्यांचा माणूस आहे का? आणि त्या समितीत दलित कामगाराला निर्णयाचा अधिकार आहे का? कार्यकर्त्यांनी हे तिन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत.