वनमंत्र्याची सही आणि घाटावरचे जंगल

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाची विभागणी घाटावर आणि घाटाखाली अशी करतात. जुन्या वऱ्हाडात याच दोन भागांना बालाघाट आणि पायनघाट म्हणत. कापूस-ज्वारीच्या या मुलखात सलग जंगल राहिले ते मुख्यतः दोनच ठिकाणी: उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि बुलढाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या परिसरात, जेथे उन्हाळ्यात पाने झडलेल्या सालईची कागदासारखी सुटलेली साल दुरूनही ओळखू येते.

१८५३ च्या तहानंतर इंग्रजांच्या कारभारात आलेल्या वऱ्हाडातील राखीव वनांचे पुढे तीन वर्ग झाले. पहिल्यात इमारती लाकूड आणि सरपण, दुसऱ्यात रमणे, म्हणजे गवतासाठी राखलेली कुरणे, आणि तिसऱ्यात गुरांच्या चराईच्या जमिनी येत. शेतकऱ्याच्या लेखी जंगल म्हणजे प्रथम बैलांचा चाराच होता. महाराष्ट्र राज्याने १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली घेतला, तेव्हा वनखात्याच्या मंत्र्याचे वजन अर्थातच वाढले.

ते ओसरू लागले १९८० च्या केंद्रीय वनसंवर्धन कायद्याने, कारण वनजमीन इतर कामास देण्यापूर्वी केंद्राची मान्यता आवश्यक ठरली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वनच मानावे असे ठरविले आणि ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्रातील विनापरवाना आरा गिरण्या बंद करून नव्या परवान्यांस मनाई केली. हा आदेश राज्यभर लागू असल्याने बुलढाण्यासारख्या विरळ वनांच्या जिल्ह्यालाही तो तितकाच बंधनकारक होता.

या बदलाची कसोटी सुरूपसिंग नाईक यांच्या कारकिर्दीत लागली. नंदुरबारमधून १९७७ आणि १९८० मध्ये लोकसभेवर गेलेले आणि नवापूरचे दीर्घकाळ आमदार राहिलेले हे आदिवासी नेते वनमंत्री असताना मनाई डावलून काही लाकूड उद्योगांना परवानगी दिली गेली. १० मे २००६ रोजी न्यायालयाने अवमानाबद्दल त्यांना आणि खात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक महिन्याची साधी कैद सुनावली. मंत्र्याने फायलीवर केलेली सही ही त्याची वैयक्तिक जबाबदारी ठरावी, हे मंत्रालयाला नवे होते. मतदारांनी मात्र हा हिशेब वेगळा मांडला असावा, कारण २००९ मध्ये पराभूत झालेले नाईक २०१४ मध्ये नवापुरातून पुन्हा निवडून आले.

बोथ्याचे जंगल १९९७ मध्येच ज्ञानगंगा अभयारण्य झाले होते; क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. तेथे डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला नर वाघ तेलंगणातून वळसा घेत सुमारे १३०० किलोमीटर चालून पोहोचला, आणि त्या वाटेचा मोठा भाग कोणत्याही वर्गाच्या वनातून नव्हे, तर कापसा-तुरीच्या शेतांतून आणि ओढ्यांच्या काठाने गेला होता.