आयोडीनची भूक

गेल्या वर्षी एका शिक्षक-प्रशिक्षण शिबिरात किरणोत्सारावर आमचे व्याख्यान होते. ते संपल्यावर मंडळी चहाला उठली, पण सांगली जिल्ह्यातील एका शाळेच्या विज्ञानाच्या बाई मागे थांबल्या. "तुम्ही आत्ताच सांगितलंत की किरणोत्सारी आयोडीनमुळे चेर्नोबिलच्या मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. माझ्या धाकट्या बहिणीला थायरॉइडचाच कर्करोग आहे. ऑपरेशन झालंय आणि पुढच्या महिन्यात तिला हेच आयोडीन प्यायला देणार आहेत. हे कसं काय?"

चहा निवेपर्यंत आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. त्यांचा प्रश्न दहावीच्या एखाद्या मुलानेही विचारावा इतका सरळ आहे. उत्तर मात्र एका व्याख्येत बसत नाही, त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गळ्यावर, कंठमण्याच्या जरा खाली, दोन बोटे ठेवून आवंढा गिळा. बोटांना जे वर जाऊन खाली आल्याचे जाणवते ते मुख्यतः स्वरयंत्र. त्याला आणि श्वासनलिकेला बिलगून बसलेली थायरॉइड, म्हणजे पाठ्यपुस्तकातील अवटू ग्रंथी, त्यांच्याबरोबरच हलते. गळ्यातली गाठ आवंढ्याबरोबर वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची, ही डॉक्टरांची पहिली परीक्षा आजही तीच आहे. ग्रंथी लहानशी, जेमतेम वीस ग्रॅमची. पण शरीरातील आयोडीनचा बहुतेक साठा तिच्यात असतो, कारण तिची संप्रेरके आयोडीनवाचून बनत नाहीत. रक्तातून जाणारे आयोडीन ती हावरटासारखी ओढून घेते. या लेखाची सारी गोष्ट या एका भुकेची आहे.

एकोणिसाव्या शतकात थायरॉइडची शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्रावाने मरण, असाच अनुभव होता. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या थिओडोर कोखर यांनी निर्जंतुक पद्धत आणि रक्तवाहिन्या एकेक करून बांधण्याचा संयम यांच्या बळावर हे चित्र पालटले. पर्वतीय प्रदेशात आयोडीनच्या अभावाने गलगंड फार, त्यामुळे रुग्णांना तोटा नव्हता. कोखर सुरुवातीला पूर्ण ग्रंथी काढत. १८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची ग्रंथी अशीच काढली. काही वर्षांनी तिच्या गावच्या डॉक्टरकडून कळले की मुलीत विलक्षण बदल झाला आहे. पूर्वी ती आणि तिची धाकटी बहीण ओळखू येऊ नये इतक्या सारख्या दिसत. आता धाकटी उंच वाढली होती आणि थोरली खुजी, सुजलेली, मंदबुद्धी झाली होती. कोखर यांनी आपले जुने रुग्ण पुन्हा बोलावले. पूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या १८ जणांना तपासता आले त्यांपैकी १६ जणांची अशीच अवस्था होती. १८८३ साली त्यांनी हे सारे भर सभेत मांडले आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण आम्हाला त्यांच्या कौशल्याहून त्यांचे हे जुने रुग्ण बोलावणे मोठे वाटते. आपली यशस्वी शस्त्रक्रिया पुन्हा उघडून पाहायला वेगळे धैर्य लागते.

ग्रंथीवाचून जगता येते, हे १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी दाखवले. ग्रंथी निकामी झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला त्यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. पुढे अर्क तोंडावाटे देता आला आणि त्या बाई आणखी २८ वर्षे जगल्या. त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १८९५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांना थायरॉइडमध्ये आयोडीन सापडले. १९१४ साली केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढून टाकणे आज शक्य आहे ते या गोळीमुळे.

आता बॉस्टनला जाऊ. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयात एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचे भाषण होते. भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकेल, हा विषय. श्रोत्यांत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या थायरॉइड विभागाचे ३१ वर्षांचे डॉक्टर साउल हर्ट्झ होते. त्यांनी विचारले, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? प्रश्नामागचा विचार सोपा होता. ग्रंथी आयोडीन गिळणारच. ते किरणोत्सारी असेल तर ती किरणांचा उगमही आपल्या पोटात घेईल आणि बाकी शरीर पुष्कळसे सुटेल. कॉम्प्टन यांना जागेवर उत्तर देता आले नाही. डिसेंबरात त्यांनी पत्राने कळवले की करता येते. (शिक्षकांनी हे पत्र ध्यानात ठेवावे. 'पाहून सांगतो' म्हणून खरोखर पाहून सांगणारे वक्ते थोडे.)

एन्रिको फेर्मी यांनी १९३४ सालीच असे आयोडीन बनवले होते, पण त्या आयोडीन-१२८ चे अर्धायुष्य अवघे २५ मिनिटांचे. हर्ट्झ आणि एमआयटीतील भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी ते बनवून तातडीने ४८ सशांना टोचले. आयोडीन थायरॉइडमध्ये जमते, आणि ग्रंथी जितकी उत्तेजित तितके जास्त जमते, हे त्यांनी मोजून दाखवले. उपचारासाठी मात्र अधिक टिकणारा समस्थानिक हवा होता. १९३८ साली बर्कलेत जोसेफ हॅमिल्टन या डॉक्टरांनी तरुण रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग यांच्याकडे तीच तक्रार केली. किती आयुष्य हवे, असे सीबोर्ग यांनी विचारले तेव्हा, आठवडाभराचे असावे, असे हॅमिल्टन म्हणाले. सीबोर्ग आणि लिव्हिंगूड यांना सायक्लोट्रॉनमध्ये टेलुरियमपासून आयोडीन-१३१ मिळाले. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे!

१९४१ साली हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन पाजले आणि ते बरे होऊ लागले. पुढे १९४३ मध्ये ते नौदलात गेले, काम सहकाऱ्यांच्या हाती आले, आणि १९४६ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन्ही पक्षांचे निबंध छापले गेले. श्रेयाचा हा वाद हर्ट्झ हयात असताना सुटला नाही. १९५० साली, वयाच्या ४५ व्या वर्षी ते वारले.

पण हा झाला अतिक्रियाशील ग्रंथीचा उपचार. कर्करोगाचे काय? सुरुवातीची मोजमापे निराशाजनक होती. कर्करोगाची गाठ आयोडीन फारच थोडे घेई. पेशी कर्करोगाच्या झाल्या की आपला मूळ धंदा विसरतात, असे दिसत होते. अशा वेळी न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात सॅम्युएल सीडलिन यांच्यापुढे एक कोडे आले. रुग्णाचे वजन झरझर उतरत होते, नाडी धावत होती. सारी लक्षणे अतिक्रियाशील थायरॉइडची, आणि या गृहस्थांची थायरॉइड तर १९२३ सालीच काढून टाकलेली! गळ्यात ग्रंथी नाही, मग संप्रेरक बनवते कोण? सीडलिन यांनी ओळखले की कर्करोगाच्या ज्या गाठी शरीरात इतरत्र पसरल्या आहेत त्याच थायरॉइडचे काम करीत आहेत. किरणोत्सारी आयोडीन देऊन शरीरावरून गायगर काउंटर फिरवला, तेव्हा त्या गाठींच्या जागी तो टकटकू लागला. १९४३ पासून त्यांना उपचाराच्या मात्रा दिल्या. वेदना कमी झाल्या, वजन वाढले. गाठी गळ्यापासून दूर हाडांपर्यंत गेल्या होत्या, पण भूक जुनीच होती. रोग कुठे आहे हे तिनेच दाखवले आणि औषधही तिनेच आत नेले. कर्करोगात असा योग क्वचितच येतो.

ही भूक नेमकी कशाने, ते फार उशिरा उलगडले. पेशीच्या आवरणात सोडियमबरोबर आयोडाइडला आत घेणारे एक प्रथिन असते. १९९६ साली त्याचे जनुक सापडले. हर्ट्झ यांच्या प्रश्नाला त्या वर्षी साठ वर्षे झाली होती. कर्करोगाच्या पेशीत हे प्रथिन कमी होते, पण थायरॉइडच्या बहुतेक कर्करोगांत अजिबात नाहीसे होत नाही. मेंदूतळाच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे टीएसएच हे संप्रेरक वाढले तर ते पुन्हा कामाला लागते. म्हणून आधी शस्त्रक्रियेने निरोगी ग्रंथी काढतात, नाहीतर तीच सगळे आयोडीन खाऊन टाकेल. मग काही आठवडे थायरॉक्सिन बंद ठेवतात, म्हणजे टीएसएच वाढते. हे आठवडे फार कठीण. माणूस थकतो, त्याला थंडी वाजते, बोलणे संथ होते, चेहरा सुजतो. कोखर यांच्या रुग्णांची ती अवस्था थोड्या काळासाठी मुद्दाम आणलेली असते. १९९८ नंतर टीएसएचचे इंजेक्शन मिळू लागल्यापासून हा त्रास टाळता येतो, पण ते महाग आहे. आणि ज्या प्रकारांत ही भूक मुळातच नसते, जसे कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, तिथे आयोडीनचा काही उपयोग नाही.

आता बाईंच्या चेर्नोबिलकडे. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि मुलांच्या पोटात गेले. मुलांची ग्रंथी लहान, दूध पिणे जास्त, आणि त्या भागात आहारातच आयोडीन कमी, म्हणून ग्रंथी आधीच भुकेली. बेलारूसमध्ये १९८६ ते १९८९ या काळात मुलांतील थायरॉइड कर्करोगाचे वर्षाला सरासरी चार रुग्ण सापडत. १९९१ साली ५५ सापडले. मिन्स्कच्या डॉक्टरांनी १९९२ साली हे आकडे प्रसिद्ध केले तेव्हा, इतक्या लवकर असे होऊच शकत नाही, म्हणून पाश्चात्त्य तज्ज्ञांनी शंका घेतल्या. शंका फोल ठरल्या. त्या वेळी मुले किंवा किशोर असलेल्यांत २००५ पर्यंत सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. पोलंडने मात्र अपघातानंतर तीन दिवसांत साधे, किरणोत्सारी नसलेले आयोडीन मुलांना पाजायला सुरुवात केली. सुमारे एक कोटी पाच लाख मुलांना ते दिले. भरल्या पोटी पुढचा घास जात नाही, तसेच हे.

म्हणजे विष आणि औषध दोन्ही आयोडीन-१३१ च. फरक मात्रेचा. त्याचे बीटा किरण पेशीसमूहात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. थोडी मात्रा पेशीला मारत नाही, तिच्या डीएनएत तोडफोड करून तिला जिवंत सोडते, आणि अशी जखमी पेशी वर्षानुवर्षे विभागत राहते. उपचाराची मात्रा कित्येक पटींनी मोठी असते, त्यात पेशी उरतच नाही. चेर्नोबिलच्या त्या मुलांपैकी अनेकांना शस्त्रक्रियेनंतर हेच आयोडीन दिले. १९९३ पासून बेलारूसची मुले त्यासाठी जर्मनीतही नेण्यात आली. २००५ पर्यंतच्या त्या हजारो रुग्णांत या कर्करोगाने झालेले मृत्यू १५ होते. अर्थात मोठी मात्राही अगदी निर्धोक नाही. ती पुनःपुन्हा दिली तर इतर कर्करोगांचा धोका किंचित वाढतो. म्हणून गाठ लहान असेल आणि पसरली नसेल तर आज बहुधा आयोडीन देतच नाहीत.

गाठ ओळखण्याचेही असेच झाले आहे. आवंढ्याबरोबर हलणाऱ्या दहा गाठींपैकी नऊ निरुपद्रवी असतात. गाठ घट्ट असेल, वाढत असेल, आवाज बसला असेल, बाजूला आणखी गाठी लागत असतील तर सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशींची तपासणी करावीच. पण लक्षण नसताना शोधत सुटले तर काय होते ते दक्षिण कोरियात दिसले. १९९९ पासून तिथे इतर तपासण्यांबरोबर थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ साली थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले होते, आणि मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच. म्हणजे जे कधी त्रास देणार नव्हते असे बारीक कर्करोग हजारोंनी सापडले आणि कापले गेले. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशाने कमी झाल्या. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने तर १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर नुसती नजर ठेवण्याचा मार्ग धरला होता. त्यांतल्या बहुतेक वाढल्या नाहीत.

आपल्याकडे हा उपचार नवा नाही. अप्सरा अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून मुंबईत परळला आहे, आणि ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांत बनलेले आयोडीन-१३१ देशभरच्या रुग्णालयांत जाते.

बाईंच्या बहिणीची गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी होती आणि गळ्याच्या बाजूच्या लसीकाग्रंथींत पोचली होती, म्हणजे आयोडीन द्यायलाच हवे होते. बाईंचे पत्र मागच्या महिन्यात आले. आयोडीनविरहित मीठ शोधायला त्यांना तीन तालुक्यांची ठिकाणे पालथी घालावी लागली, कारण आता दुकानात मिळते ते सगळे आयोडीनयुक्त. दोन आठवडे मासे, अंडी, दूध बंद. मग रुग्णालयात एका स्वतंत्र खोलीत, जाड भिंतींमागे, चार दिवस. जेवण दाराशी ठेवून माणूस निघून जाई. मोजणी मर्यादेखाली आल्यावर सोडले. घरी चार वर्षांचा मुलगा, त्याला आठवडाभर आजीकडे पाठवले होते. सहा महिन्यांनी रक्तातले थायरोग्लोब्युलिन तपासले. ते फक्त थायरॉइडच्या पेशीच बनवतात, म्हणून ग्रंथी काढलेल्या माणसात ते सापडले तर पेशी कुठेतरी उरल्या आहेत असे समजावे. ते सापडले नाही. तपासणी मात्र आता दरवर्षी, आणि सकाळी उपाशीपोटी गोळी कायमची.

पत्राच्या शेवटी बाईंनी विचारले आहे की ही अभिक्रिया फळ्यावर कशी मांडावी. टेलुरियम-१३० मध्ये एक न्यूट्रॉन शिरला की टेलुरियम-१३१ होते. ते बीटा कण सोडून आयोडीन-१३१ होते. आयोडीन पुन्हा बीटा कण सोडते, दर आठ दिवसांनी निम्मे, आणि उरतो झेनॉन-१३१. तो किरणोत्सारी नाही आणि थायरॉइडला त्याची भूकही नाही.