महायुद्धाच्या समाप्तीचे स्मरण : आपल्या प्रदेशातील भिन्न दृष्टी

दि. 11 नोव्हेंबर 1918 रोजी युद्धविराम होऊन पहिले महायुद्ध थांबले. ब्रिटन, फ्रान्स व बेल्जियम या देशांत हा दिवस आजही पाळला जातो. जर्मनीत मात्र युद्धमृतांचे स्मरण आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वीच्या दुसऱ्या रविवारी होते. एकाच युद्धाचा शेवट सर्वांना सारखाच आठवतो असे नाही. आपल्या प्रदेशातही तो तसा आठवला गेला नाही.

राजूर परिसराचेच पाहावे. या डोंगरी मुलखात ब्रिटिश राजवटीची आठवण देवगावच्या राघोजी भांगरे यांच्या नावाशी जोडलेली आहे. त्यांना 2 मे 1848 रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आली. त्याच साम्राज्याच्या विजयाचा सोहळा अशा ठिकाणी आपला वाटावा, ही अपेक्षाच आम्हांस अवाजवी वाटते. शिवाय युद्ध थांबले तेव्हा देशात इन्फ्लुएंझाची साथ होती आणि तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. घरोघरी मृत्यू असता शांततेचा आनंद कोणी करावा?

सरकारने डिसेंबर 1919 मध्ये देशभर शांतता-उत्सव योजिला. जालियनवाला बागेच्या हत्याकांडास तेव्हा वर्षही झाले नव्हते. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेने या उत्सवावर बहिष्कार घालण्याचे ठरविले. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडलेले गांधीजीच त्या परिषदेत अध्यक्षस्थानी होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सैनिकांच्या घरी निराळीच भावना असणे स्वाभाविक होते. भारतातून तेरा लाखांवर माणसे युद्धसेवेसाठी गेली आणि सुमारे 74,000 मृत्यू पावली. इराकमधील कुत येथे 29 एप्रिल 1916 रोजी शरण आलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्यांतील कित्येक जण कैदेतच वारले. 1917 मध्ये उभारलेली 111 वी महार पलटण 1921 पर्यंत मोडीत काढण्यात आली; त्या समाजास युद्धाचा शेवट म्हणजे उघडलेले दार पुन्हा बंद होणे ठरले. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रावर प्राणास मुकलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे कोरलेली आहेत. ती वाचताना विजय कोणाचा, हा प्रश्न मागे पडतो.

आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासात या युद्धाने मोठी पोकळी पाडली. मुंबई-पुणे मिशनमध्ये जर्मन येशूसंघीय धर्मगुरू कार्यरत होते. युद्ध पेटताच ते 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' ठरले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे जर्मन नागरिकांसाठी नजरकैदेची छावणी होती आणि जर्मन मिशनरींनाही तेथे ठेवण्यात आले. बहुतेकांना पुढे मायदेशी पाठविण्यात आले. ज्यांच्यात राहून त्यांनी बाप्तिस्मे दिले, शाळा चालविल्या, त्यांचा निरोप कित्येकांना नीटपणे घेता आला नसेल. पुण्याचे महागुरुस्वामी हेन्रिक डोरिंग यांनाही युद्धामुळे आपल्या धर्मप्रांतात परतता आले नाही. 1921 मध्ये त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली आणि 1927 मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. (हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 रोजी, ख्रिस्ताच्या रूपांतराच्या सणादिवशीच, अणुबॉम्ब पडला.) पलटणीतील पुत्रासाठी प्रार्थना करणारे भाविक आणि जर्मन धर्मगुरूंची वाट पाहणारे भाविक एकाच देवळात गुडघे टेकत होते, हे विसरून चालणार नाही.

पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी 1 ऑगस्ट 1917 च्या पत्रात युद्धास निरर्थक संहार म्हटले. दोन्ही पक्षांना ते रुचले नाही. त्याआधी, 10 ऑगस्ट 1915 रोजी, त्यांनी प्रत्येक धर्मगुरूस 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुज्ञा दिली होती. पहिली धर्मगुरूच्या इच्छेप्रमाणे, तिसरी पोपमहोदयांच्या हेतूसाठी आणि दुसरी सर्व मृत भाविकांसाठी. तिच्यात राष्ट्राचा उल्लेख नाही.