पाच मिनिटांचा इतिहास

गेल्या वर्षी आईच्या अंगभर दुखण्याला एकदाचं नाव मिळालं, फायब्रोमायाल्जिया. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, आणि आई मात्र सकाळी भिंत धरून उठते! मी काय केलं? आदर्श चिरंजीवासारखी पोळ्यांना बाई लावली, भाजी घरपोच आणि वर "तू आता फक्त आराम कर" असं फर्मान. सहा महिन्यांत तिचं जिना उतरणंच बंद झालं.

मग फिजिओथेरपिस्ट. जेमतेम पंचविशीतली मुलगी. म्हणाली, "काकू, रोज पाच मिनिटं चालायचं. बरं वाटलं तरी सहावं मिनिट नाही." मला हे फारच फुटकळ वाटलं. पाच मिनिटांनी काय होणार? डोक्यात किडा वळवळला आणि दोन वीकेंड वाचण्यात गेले.

माझ्या फर्मानाचे मूळपुरुष सापडले फिलाडेल्फियात: डॉ. सायलस वेअर मिचेल. गंमत म्हणजे हा माणूस वेदनेतला दर्दी. अमेरिकन यादवी युद्धात नसा दुखावलेले सैनिक त्याने तपासले, त्या जळजळत्या वेदनेला 'कॉझाल्जिया' हे नाव दिलं. पण १८७७ च्या 'फॅट अँड ब्लड' या पुस्तकात थकल्याभागल्या, दुखण्याने बेजार झालेल्यांसाठी (बहुतेक बायकाच) त्याने सांगितला 'रेस्ट क्युअर'. सहा आठवडे ते दोन महिने पलंगावर. वाचायचं नाही, शिवायचं नाही, भरपूर दूध प्यायचं. आणि पडून पडून स्नायू वाळू नयेत म्हणून मालीश आणि विजेचे झटके! म्हणजे स्नायूंना हालचाल लागते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त ती रोग्याने स्वतः करायची नव्हती. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका या उपचारातून गेली. तो अनुभव तिच्या १८९२ च्या 'द यलो वॉलपेपर' या कथेत उतरला. जरूर वाचा, पण रात्री नको :-)

१९०४ साली लंडनच्या विल्यम गॉवर्सनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं, म्हणजे तंतूंची सूज. नाव टिकलं, सूज काही ठामपणे सापडेना. १९७६ मध्ये 'फायब्रोमायाल्जिया' हे नाव पुढे आलं, १९९० मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले. असो. मला हवं होतं ते त्याआधीच, १९८८ मध्ये, कॅनडात घडलं होतं. मकेन आणि सहकाऱ्यांनी ४२ रुग्णांचे दोन गट केले. वीस आठवडे एकाला हृदयाची गती वाढवणारा व्यायाम, दुसऱ्याला नुसतं ताणणं-वाकणं. पहिल्या गटाची दुखऱ्या जागांवरचा दाब सोसण्याची ताकद जास्त वाढली. म्हणजे ज्यांना आराम सांगायचा, तेच घाम गाळून सुधारत होते.

पण म्हणून आईला जिमात ढकलायचं का? तर तिथेच गोची आहे. या आजारात मज्जासंस्थेचा आवाजच जणू वाढवून ठेवलेला असतो, साधा स्पर्शही दुखरा होतो. एकदम जोर केला की दुखणं उसळतं, माणूस दोन दिवस आडवा होतो आणि घाबरून व्यायामच सोडतो. बऱ्या दिवशी सगळी कामं उरकून टाकायची सवय तर आणखी घातक. (आईने दिवाळीत एका दिवसात चकल्या आणि माळा, दोन्ही उरकलं होतं. पुढचा आठवडा मी सांगत नाही.)

२००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका चाचणीत हे छान दिसतं. ट्रेडमिल आणि सायकल होतीच, पण सुरुवात एका वर्गात सहा-सहा मिनिटांच्या दोन फेऱ्यांनी. बारा आठवड्यांत त्याच फेऱ्या पंचवीस मिनिटांवर गेल्या. तीन महिन्यांनी "खूप बरं वाटतंय" म्हणणारे व्यायामगटात ३५ टक्के, रिलॅक्सेशनच्या गटात १८. जादू नाहीच, शंभरात पस्तीस! पण २०१७ च्या युरोपीय शिफारशींत ठाम होकार मिळाला तो एकट्या व्यायामाला, एकाही गोळीला नाही.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी त्या दूध पिणाऱ्या बायकांसारखी पडून होते आणि डॉक्टर तू?" उत्तर नव्हतं.

पोळ्यांची बाई आता एक दिवसाआड येते. काल आई कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जाऊन आली, नऊ मिनिटं. मी म्हटलं, "अजून थोडं, देवळापर्यंत जाऊ?" तिने घड्याळ दाखवलं आणि मागे वळली.