हळर्णचा किल्ला आणि कुमारांची कादंबरी

पोर्तुगीज साहित्याच्या इतिहासात लेओनोर द आल्मेदा (1750–1839) ही कवयित्री ‘मार्केझा द आलोर्ना’ या नावाने प्रसिद्ध आहे. हे ‘आलोर्ना’ म्हणजे आपल्या पेडणे तालुक्यातील हळर्ण. 1746 मध्ये तिच्या आजोबांनी, व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा यांनी, सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला जिंकला आणि त्याच गावाच्या नावाची पदवी त्यांच्या घराण्यास मिळाली. जिंकणाऱ्याने गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या मिरवले. आपल्या मुलांना मात्र हळर्ण म्हणजे रस्त्यावरील एक पाटी, एवढेच ठाऊक असते. ही उणीव पाठ्यपुस्तकातील दोन ओळींनी भरून निघणार नाही. त्यासाठी कादंबरी हवी, आणि तीही बारा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी.

या वाटेवरचा आद्य पांथस्थ सीमाभागातीलच होता. बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी 1871 मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तेव्हा आपल्या मुलखाला हा वारसा परका नाही.

विषयांचीही वाण नाही. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देवालय शिवछत्रपतींच्या आज्ञेने शके 1590 मध्ये, म्हणजे इ.स. 1668 साली, नव्याने उभे राहिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. 1683 मध्ये संभाजीमहाराजांच्या आश्रयास आलेला औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर डिचोलीत होता. पेडण्यातील केरी गावचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या पदरी सेनापतिपदापर्यंत चढले आणि 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांनी केले. खाडीकाठचा मुलगा उत्तर हिंदुस्थानापर्यंत पोहोचतो, याहून अधिक कथा ती कोणती?

परंतु येथेच लेखकाची खरी कसोटी लागते. वकिली व्यवसायात साक्षीदार कोण, हे पाहूनच साक्षीचे वजन ठरते. व्हाइसरॉयने लिस्बनला धाडलेल्या पत्रात स्वतःच्या पराक्रमाची वर्णने असणारच; मोडी कागदांत वतन, वसुली आणि तंटे यांची नोंद सापडते; देवळातील आख्यायिका लोकांची भावना सांगते, तारीख नव्हे. तिघांचीही उलटतपासणी करावी लागते. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचून पोर्तुगीज आणि मराठी साधने समोरासमोर आणली. त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथास वळसा घालून या काळावर कोणी लिहू नये.

पुरावा नेहमी आपल्या मनासारखा बोलत नाही. पेडणे महाल 1788 मध्ये कायमचा पोर्तुगीजांकडे गेला तो केवळ तलवारीच्या जोरावर नव्हे. कोल्हापूरकरांशी चाललेल्या वैरात मदत मिळावी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनीच तो सोडून दिला. आपसांतील भांडणाचे मोल एका मुलखाने चुकवले. हे मुलांपासून लपवणे म्हणजे त्यांना खोटी साक्ष देणे होय. किल्ल्यावरचा एखादा पोरगा, त्याची आई, त्याचे घोडे लेखकाने खुशाल कल्पावे. निकाल मात्र बदलू नये. पुस्तकाच्या अखेरीस ‘यात खरे काय, कल्पित काय’ हे दोन पानांत सांगावे. मुले तेवढ्या विश्वासास पात्र असतात.

प्रकाशनाविषयी दोन शब्द. ऐतिहासिक घटनेवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. तो असतो शब्दरचनेवर, आणि भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून साधने मोकळेपणाने अभ्यासावीत, वाक्ये मात्र स्वतःची लिहावीत. निवेदन प्रमाण मराठीत असावे. संवादांत पेडण्या-डिचोलीच्या बोलीला मानाचे स्थान असावे. ती बोली आपलीच आहे, तिच्याशी वैर धरून मराठीचे भले होणार नाही. नकाशा आणि शब्दार्थ जोडावेत. किंमत शाळेच्या ग्रंथालयास परवडेल इतकीच ठेवावी.

आज तेरेखोलच्या अलीकडे एक राज्य आहे, पलीकडे दुसरे. 1788 पूर्वी ही दोन्ही तीरे बराच काळ एकाच सावंतवाडीच्या अमलाखाली नांदली. सावंतवाडीच्या आणि पेडण्याच्या मुलाने एकच पुस्तक वाचावे, एवढी तरी एकी आपल्या हातची आहे.