कुरणात भरलेली शाळा आणि गावामागची टेकडी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात पहिली ते चौथीतलं पोर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

पावसाळा लागला की दर रविवारी गडांवर जत्रा भरते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले. आपल्या लेकरालाही गडकोट दाखवावेत असं वाटणं साहजिक आहे, चांगलंच आहे. पण होतं काय? सहा-सात वर्षांचं पोर पहाटे उठवायचं, गाडीत कोंबायचं, दोन तास चढवायचं, वर गेलं की फोटो. वाटेत ते गोगलगायीपाशी बसलं की लगेच, "चल लवकर, अजून लांब जायचंय!" पुढच्या वेळी त्याचं पोट दुखतं. मग आपणच म्हणतो, आजकालच्या पोरांना मोबाइलशिवाय काही नको.

लहान पोरांना निसर्गात कसं रमवायचं, हे आपल्याच राज्यात दोन बाईमाणसांनी करून दाखवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. माँटेसोरी पद्धत त्यांना पाठ होती. पण तिची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यात, बोर्डीला काम सुरू केलं. तिथंच अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, फुलं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ या कामात आहे.

पुढं १९५०च्या दशकात काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली पाडे. शाळा काढली, पण पोरं येणार कशी? कुणाला गुरं राखायची, कुणाला सरपण आणायचं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. दुसरं कुणी असतं तर "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही" असं लिहून मोकळं झालं असतं. या बायांनी उलटा विचार केला. पोर शाळेत येत नाही ना, मग शाळाच पोराकडं जाईल. गुरं चरतात तिथं शिक्षक गेले. गुरं चरत राहिली आणि शेजारी शाळा भरली. तिचं नाव कुरणशाळा.

गैरसमज नको. ती पोरं हौसेनं रानात नव्हती, गरिबीनं होती. त्या गरिबीचं कौतुक करायचं कारण नाही. पण कुरणशाळेतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथं निसर्ग म्हणजे वर्षातून एकदा काढायची सहल नव्हती. मोजायचे ते खडे, ओळखायचं ते झाड, बोलायचं ते समोर दिसतंय त्याबद्दल. आणि पोराला जे आधीच ठाऊक होतं, त्याला किंमत होती.

आता आपल्याकडं बघा. तिसरीपासून 'परिसर अभ्यास' नावाचा विषय आहे. तो शिकवला जातो चार भिंतींत. पानांचे प्रकार फळ्यावर, आणि खिडकीबाहेर कडुलिंब उभा!

खरं तर सोय कागदावर आहे. २०२४ मध्ये शासनानं पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' जाहीर केला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे विषय मांडायचा अधिकार आपलाच आहे. पुढच्या बैठकीत एवढंच मागा: महिन्यातून एक शनिवार, दोन तास, गावामागची टेकडी किंवा ओढ्याकाठ. बसचा खर्च नाही, वर्गणी नाही. पायात बूट, पाण्याची बाटली, सोबत पुरेशी मोठी माणसं. अनोळखी फळ तोंडात घालायचं नाही आणि बिळात हात घालायचा नाही, हे आधी सांगून ठेवायचं. भरलेल्या ओढ्याजवळ जायचंच नाही.

आणि माथा गाठायची घाई नको. पहिल्या पावसानंतर मखमली मृगाचा किडा दिसला आणि पोरं अर्धा तास तिथंच बसली, तर बसू द्या. तो दिवस वाया गेला नाही, उलट कामी आला. सोबत एखाद्या मेंढपाळ आजोबांना घ्या. कुठलं गवत शेळी खाते, कुठलं टाळते, हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येईल?

एक शेवटचं. अशा टेकड्या आता मुरुमासाठी पोखरल्या जातायत. ज्या पोरानं टेकडी पाहिलीच नाही, ते मोठं झाल्यावर तिच्यासाठी कशाला भांडेल? पण जे तिथं करवंदं खात वाढलंय, ते जेसीबी आल्यावर किमान विचारेल तरी, "परवानगी कुठाय?"

तुमच्या गावामागच्या टेकडीचं नाव काय? कमेंटमध्ये लिहा. आणि ते नाव तुमच्या पोराला माहीत आहे का, तेही विचारून लिहा.